नवी भाजी चाखायची नसते

कांचनाची कळी फुलायच्या आत तोडावी लागते. पाकळ्या सुटल्या की भाजी गेली, मग ते झाड फक्त बघायचं. गुलाबी होतं, मधमाश्या येतात, रस्त्यानं जाणारी माणसं मोबाईल काढून फोटो घेतात. आमच्या घरात मात्र झाड फुललेलं दिसलं की कुणीतरी हळहळत असे, यंदा कमी मिळाल्या म्हणून.

गंजाडच्या फाट्यावर जीपमधून उतरले तेव्हा हेच डोक्यात होतं, की उशीर झालाय. मागचे रविवार मी टाळले होते. एका रविवारी कचेरीचं काम होतं. त्याच्या पुढच्या रविवारी काही नव्हतं, नुसती पडून राहिले. तलासरीहून हायवेनं चारोटी, तिथून डहाणूकडे जाणारी जीप, एवढाच तो रस्ता. तो मी इतक्या वेळा केलाय की कुठल्या वळणावर डोकं काचेला आपटतं तेही ठाऊक आहे. पण या वेळी अंग उचलतच नव्हतं. आणि जयवंतीचा फोन येत राहिला. जयवंती म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, रमणची बायको.

"ताई, कळ्या फुटायला लागल्यात. येताय ना?"

"तुम्ही खाऊन घ्या ना गं. माझी कशाला वाट बघता?"

"असं कसं, ताई?"

ती भांडली नाही, समजावत बसली नाही. एवढंच म्हणाली, आणि मग फोनमध्ये बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज येत होता.

आमच्या घरची रीत अशी, की हंगामातलं नवं काही आलं, कळी असो, फूल असो, शेंग असो, तर घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं पाटावर बसून ते पहिलं तोंडात घालायचं. तोवर बाकीच्यांनी हात लावायचा नाही. इतर घरांत देवाला दाखवतात आणि मोकळे होतात. आमच्याकडे देवाचं झालं तरी बाई बाकी राहते. शेवगा तेवढा मोकळा. तो परसात वेळी-अवेळी फुलायचा, त्याला नव्याचा मान नव्हता.

आई पौषात गेली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे या घरातून गेलेच नाही असं पाड्यातली जुनी माणसं धरतात. तेव्हा आता मोठी बाई मी. आणि पौषानंतरचं पहिलं नवं म्हणजे कांचनाच्या कळ्या.

पाड्यातली पहिली पदवीधर मी आहे. हे मी सांगते आणि पुढेही सांगेन, कारण त्यासाठी आशागडावरून डहाणूपर्यंत रोज टेम्पोच्या फळीला लटकत गेलेली मी आहे. मोठी म्हणून पुढं उभं राहायला मला कधी जड गेलं नाही. दवाखान्यात, तलाठ्यापुढे, भावाच्या लग्नाच्या बोलणीत, सगळीकडे मीच बोलले. या एका जागी पाय उचलत नव्हता. त्या पाटावर मी बसले की तो रिकामा झालाय, हे मीच कबूल केल्यासारखं होणार होतं.

फाट्यापासून पाड्यापर्यंतची वाट आता डांबरी आहे. पण माघ सरला की त्या वाटेला येणारा वास तोच राहिलाय. दुपारच्या उन्हात भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजतात. वाळलेला पाला, शेण, काटक्या, वर मातीचा पातळ थर, आणि कडेनं लावलेली आग. त्याचा धूर वर जात नाही, जमिनीलगत सरपटतो आणि कपड्यांत शिरतो. लहानपणी शाळेत आम्हा पाड्यातल्या पोरांच्या गणवेशाला तो वास असायचा. गावातली मुलं नाक धरायची. मला तो वास तेव्हाही आवडायचा आणि तेव्हाही मी ते लपवलं नाही.

वाटेत पळस पेटलेले होते. पळसाच्या फुलाच्या बुडाशी एक थेंब मध असतो. तो आम्ही चोखायचो, फुलं फेकत फेकत शाळेत पोहोचायचो. त्याला नव्याचा नियम लागू नाही असं आम्ही पोरांनीच ठरवून टाकलं होतं. तो गिळत नाही, जिभेवरच राहतो, म्हणून. आईनं एकदा माझी केशरी बोटं बघितली आणि विचारलं, "हे काय?" मी आमचा कायदा सांगितला. ती म्हणाली, "शिकून वकील हो तू."

वकील झाले नाही. कचेरीत आहे.

आई चिकूच्या वाडीत मजुरीला जायची. वाडीतून येताना तिच्या लुगड्याला चिकाचा वास असायचा, आणि आंब्याला मोहोर आला की फवारणीच्या औषधाचाही. पण ती त्या वासांच्या पलीकडून काहीतरी हुंगत यायची. ओट्यावर टेकायची, पाणी प्यायच्या आधी नाक किंचित वर करायची आणि सांगायची, "ओढ्याकडची सावर फुलली." आम्ही पळत जाऊन बघायचो. सावर खरंच फुललेली असायची, लाल, पानं एकही नाही, फांद्यांवर साळुंक्यांची भांडणं चाललेली. कधी म्हणायची, "तांबट बोलायला लागला, आता थंडी गेली." मग दिवसभर तो टुक टुक आवाज कानाला पुरायचा, आधी का ऐकू आला नाही असं वाटत राहायचं.

कांचनाचं झाड घरामागं, विहिरीच्या बांधावर. पानं गळून ते उघडं पडलं की आई रोज जाता-येता एक फांदी वाकवायची. कळी बोटांत धरून अंगठ्याचं नख हलकेच लावायची. नख रुतलं आणि पाणी सुटलं की अजून थांबायचं. आतली पाकळी नखाला मऊ लागली की दुसऱ्याच दिवशी तोडायच्या. त्या पहाटे ती आम्हाला हलवून उठवायची, कारण ऊन चढलं की कळ्या सुटायला लागतात. दवात ओल्या झालेल्या टोपलीला एक हिरवट, तुरट वास यायचा. तसा वास मला पुढं कुठल्याही भाजीबाजारात आला नाही. बाजारात कांचनाच्या कळ्या विकायला येतात, मी घेतल्याही आहेत. त्या कधी तोडलेल्या असतात कोण जाणे.

कळ्या उकडायच्या, पिळून कडू पाणी टाकायचं, कांदा-मिरचीवर परतायच्या. त्यात सुका जवळा. जवळा आणायची धाकट्या डहाणूची मावशी. ती डोक्यावर टोपली घेऊन गंजाडच्या बाजाराला यायची आणि बाजार उठला की उरलेलं घेऊन पाड्यात. तिच्या टोपलीतून समुद्र आमच्या अंगणात यायचा. बोंबील, करंदी, जवळा, आणि सगळ्यांखाली खारट, करकरीत रेती. आईला माप देताना ती दरवर्षी तेच म्हणायची.

"बघून मीठ घाल हां, बाय. माझ्या जवळ्यात दर्याचं मीठ हाय."

"बघून कसं घालू? चाखायची नाय ना."

"नाय म्हणजे? आंधळं रांधता काय?"

"आंधळंच."

"मग तुमचा देव वाली," म्हणून ती हसत टोपली उचलायची.

खरी गंमत तिथंच होती. मोठ्या बाईच्या आधी कुणी तोंडाला लावायचं नाही, म्हणजे रांधणारीनंही नाही. आणि रांधायची ती नेहमी दुसरी कुणीतरी, मोठी बाई पाटावर. आजी गेल्यावर आई पाटावर बसायला लागली आणि चुलीपुढं कधी काकी, कधी मी, नंतर जयवंती. जवळा कधी खारट, कधी अळणी. भाजी चाखायची नाही, बोटही चाटायचं नाही. अंदाजानं मीठ घालायचं आणि वाढायचं. म्हणून आमच्या घरातली हंगामाची पहिली भाजी कधी म्हणजे कधीच धड झाली नाही.

पहिल्यांदा मी रांधली तेव्हा कॉलेजात होते. कामात वाकबगार होते, निदान मला तसं वाटत होतं. मीठ घातलं, मग रमणनं काहीतरी विचारलं, मग घातलंय की नाही ते आठवेना. चाखून बघायची सोय नाही. परत घातलं. आई पाटावर बसली. समोर पळसाच्या पानांची पत्रावळ, एक घास देवाला बाजूला काढलेला. तिनं पुढचा घास उचलला, विहिरीकडं, झाडाच्या दिशेनं तोंड केलं आणि खाल्ला. सावकाश चावला. आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. कपाळावरची एक रेघ हलली नाही.

"बरं झालंय," ती म्हणाली.

मग आमचे हात पत्रावळीत पडले, आणि बा, तेव्हा ते होते, पाण्याच्या तांब्याकडं धावले. अख्खा तांब्या तोंडाला लावला त्यांनी. "बरं झालंय म्हणते," ते ठसक्यातून म्हणाले, "दर्या आणून ठेवला पोरीनं चुलीवर." रमण जमिनीवर लोळून हसला. आईनं मात्र दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, पान पुसून स्वच्छ केलं.

दरवर्षी ती एवढंच म्हणायची, बरं झालंय. अळणी असो, खारट असो. त्या दोन शब्दांनी घरात नवा हंगाम सुरू व्हायचा. मग सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी करायची, रांधणारीला चिडवायचं, आणि रात्रीपर्यंत कुणी ना कुणी पाणी पीत राहायचं. दुसऱ्या दिवसापासून चाखायला मोकळीक, दुसऱ्या दिवसापासून भाजी चांगली व्हायची. चांगल्या झालेल्या भाज्यांची मला आठवण नाही.

पाड्याशी पोहोचले तेव्हा दहा वाजून गेले असावेत. झाड लांबूनच दिसलं. गुलाबी. पार गुलाबी. विहिरीच्या कठड्यावर पाकळ्या पडल्या होत्या आणि मधमाश्यांचा आवाज वाटेपर्यंत येत होता. मी तिथंच थांबले. वाटलं, गेलं यंदाचं. माझ्यामुळं गेलं.

"वरच्या टोकाला आहेत अजून," रमण म्हणाला. तो बांधावर उभा होता, हातात चिकू उतरवायची जाळीची काठी. "उशिराच्या आहेत. तू येणार म्हणून ही मला सकाळी तोडू देईना. म्हणाली, ताई येऊ दे, मग चढ."

"फुलून जातील ना त्या."

"तेच मी म्हणालो. ऐकते कोण."

त्यानं तोडल्या. मूठभर मिळाल्या, जेमतेम एका छोट्या टोपात मावतील एवढ्या. त्यातल्याही काहींची टोकं सुटली होती, आतून गुलाबी डोकावत होती. जयवंतीनं त्या परातीत पसरल्या आणि एकेक निवडली. धाकट्या डहाणूची मावशी आता येत नाही, गुडघे गेले तिचे. जवळा बाजारातून प्लास्टिकच्या पुडीत आला होता. गॅस आहे घरात, पण जयवंतीनं परसातली चूल पेटवली.

पाट भिंतीशी उभा होता. रमणची मुलगी तनू, सहा-सात वर्षांची असेल, ती तो ओढत घेऊन आली आणि ठेवला तिथंच, मधल्या खांबाशी, जिथून मागचं दार उघडं असलं की झाड दिसतं.

"आत्या, बस."

"थांब, भाजी होऊ दे."

"आजी आधीच बसायची."

बसले. कचेरीत खुर्चीवर बसून बसून कंबर गेलीय माझी, खाली बसताना खांबाला धरावं लागलं. धरलं तो खांब एका ठिकाणी गुळगुळीत होता. हाताच्या उंचीवर. मी हात काढून घेतला, आणि मग परत तिथंच ठेवला.

भिंतीला, खुंटीवर, पत्रावळींचा एक गठ्ठा टांगलेला होता. पळसाची पानं आई थंडीच्या आधीच टाचून ठेवायची, कारण या दिवसांत झाडावरची पानं खडखडीत होतात. जयवंतीनं त्यातली एक काढली, फुंकर मारली, पदरानं पुसली. पानाला टाचलेल्या काड्या आईच्या. तिच्या काड्या तिरक्या असायच्या.

चुलीवर जवळा भाजला गेला तेव्हा तो वास घरभर पसरला आणि तनू म्हणाली, "मला एक." जयवंतीनं तिचा हात हलकेच बाजूला केला. मग मीठ. मी बघत होते. चिमूट उचलली, टोपावर धरली, थांबली. परत डब्यात टाकली. जवळ्याची पुडी उचलून वास घेतला. मग पुन्हा चिमूट, त्यातली निम्मी झटकली. मग माझ्याकडं बघितलं, आणि मी बघतेय हे बघून घाईघाईनं झाकण ठेवलं. ते निम्मं मीठ तिनं टोपात घातलं की चुलीत, मला दिसलं नाही. तिलाही आठवत नसावं.

वाढलं. देवाचा घास बाजूला काढला. त्याच्या शेजारी आणखी एक घास काढला तिनं, तो पूर्वी नसायचा. सगळे उभे होते, रमण दाराशी, तनू माझ्या गुडघ्याला टेकून. मी घास उचलला आणि मागच्या दाराकडं तोंड केलं. उन्हात झाड गुलाबी, एका फांदीवर शिंजीर उलटा लटकून फुलात चोच घालत होता.

घास तोंडात घातला. अळणी. मिठाचा कणही नाही. कळ्यांचा कडवटपणा पुरता गेला नव्हता आणि पुडीतल्या जवळ्याला नुसता जुना वास. चावताना तो तुरट वास नाकात चढला, दवातल्या टोपलीचा. मी चावत राहिले. जयवंतीच्या हातात पळी तशीच होती आणि तिच्या तोंडावर मला ते सगळं दिसलं, जे बहुतेक त्या दिवशी माझ्या तोंडावर आईला दिसलं असेल.

मी आयुष्यभर जे असेल ते तोंडावर बोलत आले. साहेबांना बोलले, सरपंचांना बोलले.

"बरं झालंय," मी म्हणाले.

जयवंतीनं पळी खाली ठेवली. मग सगळ्यांचे हात पानात. पहिली तनू थांबली. तोंडातला घास तसाच ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं.

"आत्या खोटं बोलते. मीठच नाय."

रमणनं घास गिळला. "नाय म्हणजे अजिबातच नाय. जवळा पण गोड्या पाण्यातला हाय वाटतं." आणि जयवंती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पौषापासून या घरात कुणी तसं हसलं नव्हतं, असं रमणनं नंतर सांगितलं. मी पान संपवलं. पुसून स्वच्छ केलं.

दुपारी आम्ही दोघी मागच्या दारात बसलो होतो. मी जायची तयारी करत होते. जयवंती पाकळ्या झाडत होती, झाडता झाडता म्हणाली, "ताई, होळीच्या आगेमागे मोहाची फुलं पडायला लागतील. तेव्हा याल ना?"

"बघते. रजा मिळाली तर."

"नायतर थांबू आम्ही. आई तलासरीला गेली होती तेव्हा थांबलोच होतो की."

"कधी?"

"तुम्ही नवीन घर घेतलंत तेव्हा. आई तुमच्याकडं राहायला गेली आणि इकडं मोह पडायला लागला. पोरांनी वेचला, मी वाल घालून उकडला. खायचा कुणी? हे दिवसभर फाट्यावर जाऊन एकेक जीप बघत बसले. आई आली ती पिशवी खाली न ठेवता बसली पाटावर. म्हणाली, तिकडं माझी बाय रुसली असेल."

ते दिवस मला चांगले आठवत होते. आईसाठी मी नवी गादी आणली होती. नवी चादर. आठ दिवस राहा म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीत उभी राहिली, नाक किंचित वर केलं आणि म्हणाली, "जाते मी." मी म्हणाले, काय झालं? म्हणाली, "नाय, जीव लागत नाय इथं." त्यानंतरही ती यायची, एक रात्र राहायची आणि निघायची. वर्षात कधीच असे आठ दिवस निघाले नाहीत, की ती माझ्याकडं राहील. मी समजत आले, की तिला माझं घर आवडत नाही. चार भिंती मी स्वतःच्या कमाईनं उभ्या केल्या आणि आईचा जीव तिथं लागत नाही, हे मी इतकी वर्षं छातीत धरून होते. ती गादी अजून कपाटावर गुंडाळलेली आहे.

"मला सांगायचं ना तिनं," मी म्हणाले.

जयवंतीनं झाडू थांबवला. "मी बोललेच होते. तर म्हणाली, तिला नको सांगू. ती म्हणेल, तुम्ही खाऊन घ्या."

झाडावरून पाकळ्या पडत होत्या. झाडलेल्या जागेवर पुन्हा पडत होत्या. जयवंतीनं त्या परत झाडल्या नाहीत.

मोहानंतर आंबा आहे. मग करवंदं. पहिल्या सरीआधी शेवळं. मग रानातल्या हिरव्या भाज्या, एकेक करून सगळ्या. मग काकडी, नवा भात, वाल. मी मनातल्या मनात जुळवत गेले आणि पौषापर्यंत आले, आणि दमले. आई एवढी वर्षं यात होती. वाडीत मजुरी करून होती.

संध्याकाळी तलासरीत घर उघडलं. आतली हवा बंद होती म्हणून गॅलरीचं दार उघडलं आणि तिथंच उभी राहिले. खाली हायवेच्या ट्रकांचा आवाज, समोरच्या इमारतीत कुकरच्या शिट्ट्या, तळणीचा वास. त्या सगळ्याच्या पलीकडून, कुठल्या तरी शेतावरून, राबाच्या धुराची एक पातळ रेघ येत होती. मी कपाटावरची गादी काढली, खाली पसरली, आणि जेवण न करताच तिच्यावर आडवी झाले. दार उघडंच ठेवलं. या मजल्यापर्यंत मोहाचा वास येतो, हे मला आता माहीत आहे.